माफी मागायची नाही

चिठ्ठी निघाली त्या रविवारी माझा नवरा मनासा घरी आला, अंगातला काळा कोट न उतरवता गोठ्यात गेला आणि गाईंना वैरण घालत राहिला. एकदा घालून झाली होती, तरी पुन्हा घातली. मी दारातून म्हटलं, "जेवायला ये." तो म्हणाला, "ह्यांचं होऊ दे." गाई नुसत्या त्याच्याकडे बघत होत्या.

आमच्या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती मंडळीत डीकन, म्हणजे मंडळीचा सेवक, चिठ्ठी टाकूनच नेमतात. जुना डीकन गेला, म्हणून मंडळीनं काही पुरुषांची नावं सुचवली होती. तेवढीच भजनाची पुस्तकं टेबलावर उभी केलेली. सगळी सारखी, आणि त्यांतल्या एकात चिठ्ठी. प्रत्येकानं उठायचं आणि एक पुस्तक घ्यायचं. मनासाचा स्वभाव असा की लिलावात आवडलेला नांगर दिसला तरी बोली लावणार नाही, कारण दुसऱ्या कुणाचा तरी हिरमोड होईल. तिथेही त्यानं सगळ्यांना आधी घेऊ दिलं. शेवटी उरलेलं पुस्तक त्याच्या हाती आलं आणि चिठ्ठी त्यातच होती.

प्रभूनंच निवडलं म्हटल्यावर नाही म्हणायची सोय नसते. हे काम जिवात जीव असेतो खांद्यावरून उतरतही नाही.

डीकननं मंडळीत अध्याय वाचायचा, गरिबाच्या घरी मदत पोचवायची आणि दोघांत बिनसलं की मध्ये जायचं. पहिली दोन कामं मनासानं आनंदानं केली. तिसऱ्याला तो आयुष्यभर भ्यायला. अंगणात दोन कोंबडे झुंजायला लागले तरी घरात निघून येणारा हा माणूस. भांडणाच्या घरी जायचं असलं की घोडा जुंपून झाल्यावरही तो बग्गीत नुसताच बसून राही. मी खिडकीतून बघायची आणि त्याच्यासाठी प्रार्थना करायची. ती संपली की बग्गी हलायची.

पण त्याला एक युक्ती सापडली. तो कुणाच्या घरी बसायला जात नसे, गोठा साफ करायच्या वेळेला जाई. खुंटीवरचं दाताळं उचलायचं आणि त्या माणसाच्या शेजारी उभं राहून शेण ओढायला लागायचं. घरात बाई असेल तर तिच्या शेजारी बसून शेंगा सोलायच्या. तो मला म्हणाला होता, "समोरासमोर बसलं की माणूस आधी तोंड बघतो आणि मग भांडतो. दोघांची तोंडं एकाच भिंतीकडे असली की बोलतो." गोठा स्वच्छ होईपर्यंत बहुतेक वेळा भांडणही निवळलेलं असे. लोक म्हणत, मनासानं मिटवलं. तो म्हणे, माझी पाठ दुखते.

सेलिना हॉर्स्टच्या बाबतीत मात्र त्यानं दाताळं उचललंच नाही, कारण तिच्या शेजारच्या उरियासनं तशी वेळच येऊ दिली नाही.

सेलिना विधवा आहे, सत्तरी उलटलेली. मुलाच्या घराला लागून तिचं छोटं घर आहे, स्वतःची चूल, दारापुढे स्वतःचा ओटा. तिचा नवरा ईनॉक आणि ती लग्न करून आली त्या वर्षी ईनॉकनं शेताच्या बांधावर मेपलची झाडं लावली होती. बर्फ वितळायला लागला की त्या रांगेला बादल्या टांगायच्या, रस आटवायचा आणि मंडळीतल्या प्रत्येक घरी पाकाची एक एक बाटली पाठवायची, हे तिचं दरसालचं. आमच्या घरी रविवारच्या धिरड्यांवर दुसरा पाक कधी पडला नाही.

बांधापलीकडे उरियास फ्रे. धिप्पाड, कामाला वाघ आणि माफी मागण्यात तर त्याचा हात धरणारं कुणी नाही. त्याचा बैल तुमच्या मक्यात शिरला तर मका संपायच्या आत उरियास तुमच्या दारात टोपी काढून उभा. गावात म्हणतात, उरियासनं माफी मागितली नाही असा आठवडा गेला तर त्या वर्षी दुष्काळ पडेल.

दोन हिवाळ्यांपूर्वी सेलिना लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. परत आली तर बांध मोकळा. मेपलची सगळी रांग उरियासनं तोडली होती. सावलीनं मका खुरटतो आणि मुळं पाण्याचे पाइप चोंदवतात, असं त्याचं म्हणणं. झाडं नेमक्या हद्दीवर होती, म्हणजे निम्मी त्याची. पण विचारलं नव्हतं.

सेलिना कुणाला काही बोलली नाही. तिच्या मुलानं मनासाला कळवलं. त्या दिवशी आमची गाय अडली होती आणि जनावरांचा डॉक्टर यायचा होता. मनासा घाईनं निघाला. उरियासच्या गोठ्यात पाय ठेवतो न ठेवतो तोच तो म्हणाला, "चुकलो मी, मनासा. सपशेल चुकलो. तिला सांग, माफी मागतो." डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं नव्हतं, उरियासचं पाणी कधीच खोटं नसतं.

मनासा तसाच सेलिनाकडे गेला. ती फळं भरून भाजायच्या 'पाय'चं पीठ लाटत होती. तो दारातच उभा राहिला. "उरियास माफी मागतोय. क्षमा करतेस?"

"करते," ती म्हणाली.

आमच्यात क्षमा केलेली गोष्ट पुन्हा उकरून काढायची नसते. देवानं आपल्या किती गोष्टी विसरून टाकल्यात, मग आपण कोण? मनासा दूध काढायच्या आत घरी आला. वासरूही वाचलं. रात्री जेवताना तो म्हणाला, "इतकं सोपं कधीच नव्हतं." मीसुद्धा देवाचे आभार मानले.

आठवड्याभरानं उरियासनं आणखी एक चांगुलपणा केला. त्याच झाडांचं लाकूड फोडून, गाडीभर आणून सेलिनाच्या ओट्यावर नीट रचून दिलं. "हिवाळाभर पुरेल," म्हणाला. तिला "आभारी आहे" म्हणावं लागलं.

पुढच्या हिवाळ्यात तिच्याकडे गोधडी शिवायला आम्ही बायका जमलो होतो. ओट्यावर ती रास तशीच होती, पावसानं करडी पडलेली, वर बर्फ. सेलिना चुलीत जुन्या कुंपणाच्या फळ्या मोडून घालत होती. मी विचारलं, "अगं, बाहेर एवढं मेपल पडलंय ना?" ती दोरा ओवत म्हणाली, "ओलं आहे." अख्खा उन्हाळा खाल्लेलं लाकूड. मी टाके घालत राहिले.

यंदाच्या शरद ऋतूत प्रभुभोजनाआधीची विचारणा आली. वर्षातून दोनदा असते. मंडळीत अशांती असेल तर भाकर मोडायची नाही, म्हणून आधी प्रत्येकानं आतल्या लहान खोलीत जायचं. तिथे बिशप, उपदेशक आणि डीकन बसलेले असतात. त्यांच्यासमोर म्हणायचं, देवाशी आणि माणसांशी माझी शांती आहे, मला सोबत यायचं आहे. हे वाक्य आम्हाला इतकं पाठ आहे की तोंडाला विचारावंच लागत नाही.

मी सेलिनाच्या मागे उभी होते.

ती म्हणाली, "देवाशी माझी शांती आहे." आणि थांबली.

बिशप आम्सी वेबरनं वाट बघितली. मग हळूच म्हणाला, "आणि माणसांशी, सेलिना?"

"ते मनासाला विचार."

मनासाचा चेहरा चुन्यासारखा झाला. माझी पाळी आली तेव्हा मी वाक्य म्हटलं, पण काय म्हटलं ते मलाच ऐकू आलं नाही.

दुपारी आम्सी आमच्याकडे आला. मी कॉफी आणि बिटात मुरवलेली अंडी पुढे ठेवली. त्यानं हात लावला नाही.

"उरियासचंच ना?" त्यानं विचारलं.

"ते तर मिटलंय," मनासा म्हणाला.

"मग?"

"मिटलंय म्हणूनच असेल."

आम्सी वाईट माणूस नाही, पण नियमाचा पक्का. म्हणाला, "तिचं तुझ्याशी आहे. शास्त्राप्रमाणे आधी तू एकटा जा. नाही जमलं तर दोघांना घेऊन. प्रभुभोजनापर्यंत ती वाक्य पुरं म्हणाली नाही तर तिला मागच्या बाकावर बसवावं लागेल. मला ते करायला लावू नकोस."

मागच्या बाकावर, ज्यांना बाजूला काढलंय त्यांच्यात. सेलिनाला. जिनं मंडळीतल्या अर्ध्या पोरांची पहिली अंगडी शिवली.

मनासा निघाला तेव्हा मला म्हणाला, "तूही चल. विधवेच्या घरी एकट्यानं बरं दिसत नाही." मी तिच्या सुनेच्या स्वयंपाकघरात बसले. दोन घरांमधलं दार उघडं होतं. सूनबाई आणि मी सफरचंदं सोलत होतो, आणि खरं सांगायचं तर दोघींच्या सुऱ्या थांबून थांबून चालत होत्या.

पलीकडे सेलिनाही सफरचंदंच चिरत होती. मनासानं सवयीनं तिच्या शेजारी बसून सुरी उचलली.

"ठेव ती," सेलिना म्हणाली. "आज काम नाही. समोर बस."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मनासा, तू माझ्याकडून क्षमा घेऊन गेलास. मी दिली नव्हती."

"तू 'करते' म्हणालीस."

"माझे हात पिठात होते. तू दारात टोपी घालून उभा. तुझ्या तोंडावर लिहिलेलं होतं, गाय अडलीय. नाही म्हटलं असतं तर? सेलिना कठोर, सेलिना क्षमा करत नाही. आणि 'करते' म्हटल्यावर मला ईनॉकच्या झाडांचं नावही काढता येईना. दोन वर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खातेय मी. वर त्यानं त्यांचंच सरपण आणून दारात रचलं. त्यालाही आभारी आहे म्हटलं."

मनासा म्हणाला, "मी काय करू?"

"परत दे."

"काय?"

"माझी क्षमा. ती माझी होती. मला द्यायची असेल तेव्हा मी देईन."

परतताना मनासानं लगाम धरला होता, पण घोडा आपल्या मनानंच चालत होता. घरी आल्यावर अर्धा दिवस तो गोठ्यातच काम करत राहिला. मग अचानक मला विचारलं, "आणखी किती जणांच्या ओट्यावर लाकडं पडली असतील?"

"म्हणजे?"

"जिथे जिथे मी मिटवलंय तिथे."

मला दोन नावं लगेच आठवली. एल्मायराच्या रस्त्यावरच्या बेअरिंजर बहिणी. प्रभुभोजनानंतर एकमेकींचे पाय धुण्याच्या विधीत दोघी वर्षानुवर्षं दोन टोकांच्या घमेल्यांपाशी बसतात. आणि एलम ब्रुबाकर आणि त्याचा भाऊ. मी नावं घेतली आणि मनासाकडे बघून तिसरं गिळून टाकलं.

तो आम्सीकडे गेला. आम्सी मका भरत होता. ह्या वेळी मनासानं फावडं उचललं, पण बोलणं काही मनासारखं झालं नाही. घरी येऊन त्यानं मला सगळं सांगितलं.

आम्सी म्हणाला, "क्षमा परत दिली, असं आपल्या आजोबा-पणजोबांत कधी ऐकलंयस? तिला दिलीस तर उद्या सगळे येतील. तुझ्या हातून मिटलेलं एकूण एक भांडण उघडं पडेल."

"आणि नाही दिली तर ती मागच्या बाकावर."

"हो."

"मग मला मोकळं कर. दुसरा डीकन नेमा."

"चिठ्ठी मी ठेवली नव्हती, मनासा," आम्सी म्हणाला आणि मका भरत राहिला.

इकडे आड, तिकडे विहीर. त्या दिवसांत मनासा ताटावर बसून घास हातात धरून ठेवी. मी त्याला काही सुचवलं नाही. मला सुचतही नव्हतं. भाकरीचं पीठ मळताना मी एवढंच म्हणायची, प्रभू, ह्याला एक दार दाखव, लहान असलं तरी चालेल.

पुढच्या रविवारी अध्याय वाचायला तो उठला. वाचला. पुस्तक मिटलं आणि बसला नाही.

"माझी एका बहिणीशी शांती नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज मुळात लहान, पण प्रार्थनाघरात एकही बाक करकरला नाही. "मी घाईत होतो. तिनं न दिलेली गोष्ट मी तिच्याकडून नेली. आज तिची तिला परत देतो. तिनं उरियासला क्षमा केलेली नाही. कधी करायची ते तिचं ती बघेल. ती प्रभुभोजनाला तयार नाही असं म्हणू नका, तयार मी नाही. प्रभुभोजनात माझ्या हातचा प्याला तुम्ही घेऊ नये."

बायकांच्या बाजूला सेलिना समोर बघत होती. डोक्यावरच्या बॉनेटच्या कडेमुळे तिचा चेहरा मला दिसला नाही. उरियासचे कान लालबुंद झालेले मात्र मागून सगळ्यांना दिसले.

आम्सीला प्रभुभोजन पुढे ढकलावं लागलं. डीकनच अशांत असेल तर दुसरा मार्ग नाही. बाहेर घोडे सोडताना कुणीतरी म्हणालं, "एका म्हातारीच्या झाडांपायी सगळी मंडळी उपाशी." मनासानं ते ऐकलं आणि आपल्या घोड्याचा पट्टा पुन्हा एकदा बांधला.

दुसऱ्या दिवशी उरियास आमच्या गोठ्यात आला. "मी पुन्हा माफी मागतो. सगळ्यांसमोर मागतो. गुडघ्यावर बसून मागू का?"

"तेवढं एक करायचं नाही," मनासा म्हणाला.

"मग काय करू?"

"तिच्या ओट्यावर येऊन बसायचं आणि ऐकायचं. माफी मागायची नाही."

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

उरियास घाबरला. खरंच घाबरला. त्याला बैलाशी झुंज म्हटलं असतं तरी चाललं असतं.

गुरुवारी ते तिघं सेलिनाच्या ओट्यावर बसले, एकाच बाकावर, बांधाकडे तोंड करून. पाठीमागे लाकडाची रास. मी आणि सूनबाई पुन्हा दाराशी. ह्याही वेळी कुणी आम्हाला हाकललं नाही.

सेलिना बोलायला लागली. कुठलं झाड ईनॉकनं वाकडं लावलं होतं आणि त्यावरून ती त्याला कशी चिडवायची. कुठल्या झाडावर वीज पडूनही ते जगलं. ईनॉक आजारी होता त्या वर्षी तिनं एकटीनं बादल्या उतरवल्या आणि तो खिडकीतून बोट दाखवत होता, ती राहिली, ती राहिली.

"सेलिना, मी..." उरियास.

"नाही," मनासा.

ती पुढे बोलली. उरियासचे हात मांडीवर नुसते वळवळत होते. पुन्हा तोंड उघडलं, मनासानं पुन्हा थांबवलं. मग म्हणायला काहीच उरलं नाही तेव्हा उरियासनं विचारलं, "सगळ्यांत आधी रस सोडायचं ते झाड कुठलं?"

सेलिनानं त्याच्याकडे पहिल्यांदा मान वळवली. "ते. तुझ्या फाटकाजवळचं खोड."

"मला वाटलंच होतं." तो बराच वेळ त्या खोडाकडे बघत होता. "मका काही एवढा खुरटत नव्हता, सेलिना. खरं सांगू?"

"सांग."

"मी नवा नवा शेतकरी होतो तेव्हा माझ्या बाजूनं दोन बादल्या टांगल्या होत्या. ईनॉकनं काढून फाटकावर ठेवल्या. माझ्या सासऱ्यासमोर म्हणाला, 'पोरा, आधी झाड लाव, मग बादली टांग.' सगळे हसले. तेव्हाचा डीकन आला, मला म्हणाला, क्षमा कर. मी केली. लगेच केली."

"आणि?"

"आणि दरवर्षी तुझी बाटली यायची. गोड लागायची नाही."

सेलिना म्हणाली, "ईनॉकनं मला हे कधी सांगितलं नाही."

"मिटलं होतं ना," उरियास म्हणाला.

मनासानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्याच्या तोंडावर सुटका नव्हती. आपल्याआधीच्या डीकनचंही ओझं पाठीवर चढलं, असं काहीतरी त्याच्या तोंडावर होतं.

शेवटी उरियासनंच विचारलं, "मग क्षमा?"

"अजून नाही," सेलिना म्हणाली. "आधी हे लाकूड माझ्या दारातून ने."

उरियास उठला आणि ओंडके गाडीत भरू लागला. थोड्या वेळानं मनासाही उठला आणि त्याच्या शेजारी उभा राहून भरू लागला. रास संपली तेव्हा तिच्याखालच्या फळ्या पांढऱ्या पडलेल्या दिसल्या. सेलिनानं झाडू आणला.

पुन्हा विचारणा झाली तेव्हा बाहेर पहिलं बर्फ पडत होतं. मी ह्या वेळीही तिच्या मागेच होते, मुद्दाम.

सेलिना म्हणाली, "देवाशी माझी शांती आहे. माणसांशी करते आहे. मला सोबत यायचं आहे."

आम्सीनं मान वर केली. "वाक्य तसं नाही, सेलिना."

"माझं तसं आहे."

आम्सीनं मनासाकडे बघितलं. मनासा म्हणाला, "मला चालेल."

"तुला चालून काय उपयोग?" आम्सी म्हणाला. मग खाली बघून बराच वेळ अंगठा चोळत बसला. आणि म्हणाला, "पुढची."

मी पुढे झाले.

त्या रविवारी प्याला मनासाच्याच हातून फिरला. सेलिना आपल्या नेहमीच्या बाकावर होती. उरियासला तिनं अजून क्षमा केली की नाही ते मला माहीत नाही. मी विचारत नाही, आणि मनासा तर मुळीच विचारत नाही.

पण आम्सी म्हणाला होता तसंच झालं. सोमवारी थोरली बेअरिंजर आली, एकटी, आणि बहिणीविषयी अशा वर्षापासून सुरुवात केली जेव्हा माझं लग्नसुद्धा झालं नव्हतं. मग एलम आला. मग जी माणसं आमच्या फाटकासमोरून जाताना हात हलवून पुढे जात, त्यांच्या बग्ग्या वळायला लागल्या. कुणालाच काही मिटवून नको असतं. त्यांचं मिटलेलं उघडायचं असतं आणि मनासानं शेजारी बसायचं असतं. पूर्वी गोठा साफ होईपर्यंत काम भागत असे. आता गोठा साफ होतो, पुन्हा घाण होतो, तरी माणूस बोलतच असतो.

परवा तो खिडकीशी उभा होता. म्हणाला, "अल्मेडा, त्या दिवशी मी पहिलं पुस्तक उचललं असतं तर?"

"तर चिठ्ठी त्यात असती," मी म्हटलं.

तो हसला. बऱ्याच दिवसांनी. मग बाहेर चाकांचा आवाज आला आणि हसू तिथंच राहिलं. त्यानं खुंटीवरची टोपी घेतली. मी कॉफीच्या भांड्यात आणखी पाणी ओतलं.